व्यवस्थापनाची पदवी आणि लोणखेड्याचा विद्यार्थी

शहाद्याला लागून असलेल्या लोणखेडा येथे पूज्य साने गुरुजी विद्या प्रसारक मंडळाचे शैक्षणिक संकुल आहे. सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या पाड्यांतली आणि तापीकाठच्या बागायती गावांतली मुले-मुली तेथे एकाच बाकावर बसून पदवीपर्यंतचे शिक्षण घेतात. अखेरच्या वर्षाची परीक्षा जवळ आली की पुढे काय, हा प्रश्न त्यांच्या घरोघरी सुरू होतो. सरकारी भरती वर्षानुवर्षे लांबते, बँकांच्या जागा थोड्या आणि अर्जदार लाखांनी, शेती आधीच भावाभावांत वाटली गेलेली. अशा वेळी बसस्थानकावरच्या फलकापासून हातातल्या मोबाईलपर्यंत सर्वत्र एकच सल्ला मिळतो : एम.बी.ए. करा.

हा सल्ला खरा किती आणि खोटा किती, हे विचारायला गावातली माणसे बहुधा चळवळीच्या कार्यकर्त्याकडेच येतात. रेशनकार्डापासून जातीच्या दाखल्यापर्यंत सर्व कामांना ज्याच्याकडे यायचे, त्याच्याकडेच मुलाच्या शिक्षणासाठीही यायचे, हे स्वाभाविक आहे. परंतु या एका प्रश्नावर कार्यकर्ता सहसा निरुत्तर असतो. व्यवस्थापन हे भांडवलदाराच्या कारभाऱ्यांचे शास्त्र आहे, आपल्याला त्याचे काय, असे म्हणून तो विषय झटकून तरी टाकतो. नाहीतर इतर सारे म्हणतात तसे 'चांगले आहे, करू द्या' म्हणून मोकळा होतो. दोन्ही उत्तरांनी त्या कुटुंबाला वाऱ्यावर सोडल्यासारखेच होते. कारण निर्णय काही लाख रुपयांचा असतो, आणि तो चुकला तर विकायला निघते ती जमीन.

प्रथम या पदवीची वंशावळ पाहणे उपयुक्त ठरेल. अमेरिकेत फ्रेडरिक टेलर याने कामगाराच्या हालचाली घड्याळ लावून मोजल्या आणि १९११ साली 'शास्त्रीय व्यवस्थापना'ची तत्त्वे ग्रंथरूपाने मांडली. त्याच्या आधी तीन वर्षे, १९०८ मध्ये, हार्वर्ड विद्यापीठाने व्यवसायशिक्षणाची शाखा उघडली होती. भारतात १९६१ साली कलकत्ता आणि अहमदाबाद येथे केंद्र सरकारने व्यवस्थापन संस्था स्थापन केल्या. कलकत्त्याच्या संस्थेला अमेरिकेतील एम.आय.टी.चे आणि अहमदाबादच्या संस्थेला हार्वर्डचे साहाय्य होते. मुंबई विद्यापीठाची जमनालाल बजाज संस्था १९६५ ची. या संस्था थोड्या होत्या, सरकारी किंवा विद्यापीठीय होत्या आणि त्यांचे पदवीधर हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते. एम.बी.ए. या तीन अक्षरांभोवती जे वलय आहे ते त्या काळाचे आहे.

पुढे चित्र पालटले. १९८३ साली महाराष्ट्रात वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदानित व्यावसायिक महाविद्यालयांना दार उघडले. आधी अभियांत्रिकीची आणि मागाहून व्यवस्थापनाची महाविद्यालये तालुक्या-तालुक्यांत निघाली. देणगीवर आळा घालण्यासाठी १९८७ चा कायदा आला, २००२ साली सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायमूर्तींनी खाजगी संस्थांना शुल्क ठरवण्याची मुभा दिली, आणि अखेर २०१५ च्या कायद्याने राज्यात शुल्क नियामक प्राधिकरण आले. या सगळ्या घडामोडींत वलय मात्र १९६५ चेच राहिले आणि ते २०१० च्या संस्थांनी फलकांवर लावले. त्यांतील कित्येक पुढच्या दहा वर्षांत विद्यार्थ्यांअभावी बंदही पडल्या. म्हणून एम.बी.ए. ही एक पदवी नव्हेच. एका नावाखाली वावरणाऱ्या त्या चार-पाच निरनिराळ्या पदव्या आहेत. अहमदाबादची वेगळी, विद्यापीठाच्या विभागाची वेगळी, आणि महामार्गालगत दोन मजल्यांत भरणाऱ्या महाविद्यालयाची त्याहून वेगळी. लोणखेड्याच्या विद्यार्थ्याने पहिला प्रश्न विचारायचा तो हाच की, यांपैकी कोणती?

प्रवेशापासूनच चाळणी सुरू होते. राज्याच्या सामायिक प्रवेश परीक्षेत अडीच तासांत दोनशे प्रश्न सोडवावे लागतात. त्यांतले पंच्याहत्तर तर्कावर, पंचवीस आकृत्यांवर, पन्नास अंकगणितावर आणि पन्नास इंग्रजी भाषेवर. चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत, ही एक सोय. पण सारा प्रश्नपत्रिका-संच इंग्रजीत असतो. ज्या मुलीने भिलोरी किंवा अहिराणी घरात बोलून मराठीत बारावी केली आणि पदवीची पुस्तके कशीबशी इंग्रजीत वाचली, तिची कसोटी बुद्धीआधी वाचनाच्या वेगावर लागते. शहरातला विद्यार्थी या परीक्षेसाठी वर्षभर शिकवणीला जातो. लोणखेड्यातल्या विद्यार्थ्याला ती परीक्षा आहे हेच कित्येकदा अर्ज भरण्याच्या अखेरच्या आठवड्यात समजते.

प्रवेश मिळाल्यावर दोन वर्षे आणि चार सत्रे. पहिल्या वर्षी हिशेबशास्त्र, अर्थशास्त्र, संख्याशास्त्र, विपणन, उत्पादन, मनुष्यबळ आणि कायदा हे सर्वांना समान विषय. मग उन्हाळ्यात सहा ते आठ आठवडे एखाद्या उद्योगात प्रकल्प, आणि दुसऱ्या वर्षी वित्त, विपणन, मनुष्यबळ यांसारख्या एका शाखेचा विशेष अभ्यास. वर्गात व्याख्यानांबरोबर 'केस' नावाचा प्रकार असतो. एखाद्या कंपनीपुढे उभी राहिलेली अडचण पंधरा-वीस पानांत मांडलेली असते, ती रात्री वाचून यायची आणि सकाळी तुम्ही व्यवस्थापक असता तर काय केले असते, हे सर्वांसमोर सांगायचे. उत्तर एकच नसते. पाठांतरावर वाढलेल्या विद्यार्थ्याला सुरुवातीचे महिने या पद्धतीने भांबावून टाकतात, आणि इंग्रजीच्या भीतीने हुशार मुले गप्प बसतात. परंतु ज्याला हे जमू लागते त्याच्या हाती खरोखर काही लागते, हेही प्रांजळपणे सांगितले पाहिजे. ताळेबंद वाचता येणे, रोकड कोठे अडकली आहे हे ओळखणे, मालाची किंमत कशी बांधली जाते ते कळणे, चार माणसांत आपले म्हणणे आकड्यांनिशी मांडता येणे, ही कौशल्ये खोटी नाहीत.

आता पैशाकडे वळावे. अहमदाबादच्या संस्थेचे दोन वर्षांचे शुल्क आज वीस लाखांच्या पुढे गेले आहे. २००४ साली केंद्रीय मंत्री मुरली मनोहर जोशी यांनी या संस्थांचे वार्षिक शुल्क सुमारे दीड लाखावरून तीस हजारांवर आणण्याचा आदेश काढला, तेव्हा स्वायत्ततेच्या नावाने मोठे वादळ उठले आणि सरकार बदलताच तो आदेश मागे घेतला गेला. त्या वादात हेतूंविषयी शंका घ्यायला जागा होती, परंतु गरीब घरातला मुलगा तेथे कसा पोहोचणार हा मूळ प्रश्न गोंगाटात कोणी ऐकलाच नाही.

लोणखेड्याच्या बहुतेक विद्यार्थ्यांचा संबंध मात्र पुणे-नाशिकच्या खाजगी महाविद्यालयाशी येतो. समजा, शुल्क, वसतिगृह आणि खानावळ मिळून सहा लाखांचे शैक्षणिक कर्ज काढले, तीन लाख पहिल्या वर्षी आणि तीन लाख दुसऱ्या वर्षी. शिक्षण संपून एक वर्ष होईपर्यंत हप्ता नसतो, ही बँकेची सवलत सर्वांना ठाऊक असते. त्या काळातही व्याज चालूच राहते, हे कोणी ठळकपणे सांगत नाही. दहा टक्के सरळ व्याज धरले तरी पहिल्या तीन लाखांवर तीन वर्षांचे नव्वद हजार आणि दुसऱ्या तीन लाखांवर दोन वर्षांचे साठ हजार होतात. म्हणजे हप्ता सुरू होतो त्या दिवशी देणे सहाऐवजी साडेसात लाख असते. ते दहा वर्षांत फेडायचे तर महिना सुमारे दहा हजार रुपये. वर्षाला तीन लाखांची नोकरी मिळाली तर महिन्याचे पंचवीस हजार. त्यातले दहा हजार बँकेला आणि उरलेल्या पंधरा हजारांत पुण्यात राहायचे, खायचे आणि घरीही काही पाठवायचे. हे गणित आधी कागदावर मांडून मग कोणी सही केली तर तक्रार नाही. न मांडता सही करून घेतली जाते, तक्रार याविषयी आहे.

त्यात भर पडते ती 'सरासरी पॅकेज' या शब्दाची. दहा विद्यार्थ्यांपैकी नऊ जणांना तीन-तीन लाख आणि एकाला तेहतीस लाख मिळाले, तर सरासरी सहा लाख येते. माहितीपत्रकावर सहा लाख छापले जातात. गणिताच्या दृष्टीने ते खोटे नसते, पण त्या वर्गात सहा लाख मिळालेला एकही विद्यार्थी नसतो. आणि ज्यांना नोकरीच मिळाली नाही त्यांना मोजणीतून वगळण्याची चलाखी केली की आकडा आणखी फुगतो. म्हणून सरासरी न विचारता मधल्या विद्यार्थ्याला किती मिळाले ते विचारावे, वर्गातील एकूण किती जणांना नोकरी लागली ते विचारावे, आणि ती नोकरी कोणत्या कामाची हेही विचारावे. विमा आणि कर्जे विकण्याच्या कामाला मोठमोठी पदनामे देण्याची पद्धत आता रूढ झाली आहे.

सरकारी साहाय्य आहे. अनुसूचित जमातीच्या, अडीच लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलांना मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती मिळते. आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास वर्गांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी शिक्षणशुल्काची शंभर टक्के सवलत २०२४-२५ पासून लागू झाली. पण शिष्यवृत्तीची रक्कम वेळेवर येत नाही आणि तोवर संस्था शुल्कासाठी तगादा लावते, ही तक्रार जुनी आहे. खोलीभाडे आणि खानावळ यांचा खर्च तर बहुतांशी घरावरच पडतो. नंदुरबार जिल्ह्यातून बाहेर शिकायला गेलेली मुले अर्ध्यावर परततात त्यामागे परीक्षेतील नापाशीपेक्षा हा खर्च अधिक असतो.

येथवर झाले ते ग्राहकाच्या दृष्टीने. परंतु चळवळीला या शिक्षणाविषयी आणखी एक गोष्ट सांगायची आहे, आणि ती अधिक मोलाची आहे.

नंदुरबार जिल्ह्यातील आदिवासी कुटुंबे दरवर्षी पावसाळा सरला की दक्षिण गुजरातमधील साखर कारखान्यांकडे ऊसतोडीला जातात. नवराबायकोची जोडी म्हणजे एक 'कोयता'. माणसाची मोजणीच हत्याराच्या नावाने होते. निघण्यापूर्वी मुकादमाकडून उचल घ्यायची आणि हंगामभर राबून ती फेडायची. हीच उचल हिशेबाच्या वहीत कशी लिहिली जाते? देणाऱ्याच्या ताळेबंदात ती येणे रक्कम म्हणून मालमत्तेच्या बाजूला बसते. पाड्यावर तिला कर्ज म्हणतात. व्यवस्थापनाच्या वर्गात पहिल्या महिन्यात द्विनोंदी हिशेबपद्धती शिकवतात. प्रत्येक जमेमागे कोठेतरी नावे असते, हे तिचे मूळ सूत्र. पण वर्गात जी वही उघडलेली असते ती नेहमी कंपनीची असते. दुसरी बाजू ज्या घरात लिहिली जाते त्या घराची वही तेथे उघडली जात नाही. मजुरी हा 'खर्च' आणि खर्च कमी करणे हे कौशल्य, एवढेच तेथे शिकवले जाते. ज्या तालुक्यात १९७२ साली श्रमिक संघटना उभी राहिली, अंबरसिंग सुरतवंती यांच्यामागे भिल्ल सालदार आणि मजूर जमिनीसाठी व किमान वेतनासाठी एकवटले, त्या तालुक्यातला विद्यार्थी तरी हे ऐकून घेताना क्षणभर थांबावा, ही अपेक्षा गैर नाही. त्याच्या आजोबांचा सालदारीचा करार हाही व्यवस्थापनाचाच एक दस्तऐवज होता.

मग या शिक्षणाकडे पाठ फिरवावी काय? येथेच चळवळीतल्या जुन्या सवयीला थोडे ताडून पाहायला हवे. सहकार ही महाराष्ट्रातील समाजवादी आणि पुरोगामी विचाराने मोठ्या आशेने जोपासलेली गोष्ट. विठ्ठलराव विखे पाटील यांना फारसे शालेय शिक्षण नव्हते. पण धनंजयराव गाडगीळ यांच्यासारखा अर्थशास्त्रज्ञ त्यांच्याबरोबर उभा राहिला आणि प्रवरेचा कारखाना १९५० साली सुरू झाला. शेतकऱ्याची जिद्द आणि अभ्यासकाचा हिशेब यांची ती जोडी होती. पुढच्या काळात कारखाने वाढले, ही जोडी मात्र फुटली. शहादा तालुक्यातही सातपुडा तापी परिसर कारखाना आहे, लोकनायक जयप्रकाश नारायण यांच्या नावाची शेतकऱ्यांची सहकारी सूतगिरणी आहे. राज्यात अशा शेकडो संस्था निघाल्या आणि त्यांतल्या कित्येक कर्जात बुडाल्या, अवसायनात गेल्या, काही तर खाजगी मालकांच्या घशात गेल्या. राजकारण आणि भ्रष्टाचार ही त्याची कारणे सर्वांच्या तोंडी आहेत. पण सभासदाला ताळेबंद वाचता येत नव्हता, हेही एक कारण आहे आणि त्याचा उच्चार सहसा होत नाही. सर्वसाधारण सभेत अहवाल 'वाचला असे समजण्यात येऊन' टाळ्यांच्या गजरात मंजूर होत राहिला. ज्यांना तो वाचता येत होता ते संचालकांच्या पगारावर होते.

हिशेब वाचणारी माणसे तयार करण्याचे प्रयत्न झालेच नाहीत असे नाही. पुण्यात वैकुंठभाई मेहता यांच्या नावाची सहकारी व्यवस्थापनाची राष्ट्रीय संस्था १९६७ पासून आहे. वर्गीज कुरियन यांच्या पुढाकाराने आणंद येथे १९७९ साली ग्रामीण व्यवस्थापन संस्था निघाली आणि २०२५ मध्ये तिचे रूपांतर त्रिभुवन सहकारी विद्यापीठात झाले. अहमदाबादच्या संस्थेचे संचालकपद स्वतःहून सोडलेले रवी मथाई यांनी १९७५ च्या सुमारास राजस्थानातील अजमेर जिल्ह्यात, जवाजा या दुष्काळी भागात, चर्मकार आणि विणकरांबरोबर काम सुरू केले. व्यवस्थापनाचे ज्ञान कंपनीबाहेर, भांडवल नसलेल्या माणसाच्या उपयोगी पडते काय, हे त्यांना पाहायचे होते. कारागिरांनीच बाजार शोधायचा, किंमत ठरवायची, हिशेब ठेवायचा, असा तो प्रयोग होता. देशातल्या सर्वांत नावाजलेल्या व्यवस्थापन संस्थेत राहून गेलेल्या माणसाला हे सुचावे आणि खेड्यातून त्या पदवीसाठी शहरात जाणाऱ्या मुलाला त्याचे नावही कोणी सांगू नये, ही अभ्यासक्रमाची निवड आहे.

खानदेशालाही उद्योगाचे आकर्षण नवे नाही. साने गुरुजींनी १९२४ ते १९३० या काळात ज्या अंमळनेरला शिक्षकी केली, त्याच गावात १९४५ साली वनस्पती तुपाच्या धंद्यातून आजची विप्रो ही कंपनी जन्मली, आणि त्या वेळचे समभाग जपून ठेवलेल्या घरांच्या कथा तेथे आजही सांगितल्या जातात. मुले या कथा ऐकून मोठी होतात. त्यांना उद्योग आणि पैसा यांविषयी कुतूहल असणे हा गुन्हा नव्हे, आणि त्यांच्या कुतूहलाला तुच्छ लेखणारा कार्यकर्ता त्यांना थेट जाहिरातदाराच्या दारात नेऊन सोडतो.

शहादा परिसरात या विद्येला काम नाही असेही नाही. पपईचे उदाहरण घ्यावे. या तालुक्यातली पपई उत्तर भारतात जाते, आणि दर हंगामात भावावरून शेतकरी व व्यापारी यांच्यात बाजार समितीत बैठका झडतात. दिल्लीला काय भाव मिळाला, वाहतुकीला किती लागले, नासाडी किती, हे व्यापाऱ्याला ठाऊक असते. शेतकऱ्याला ते अंदाजाने बोलावे लागते. पपई तोडल्यावर चार दिवस थांबत नाही, म्हणून बैठकीत शेतकऱ्याचीच घाई असते. विपणनाच्या पुस्तकातली दोन प्रकरणे येथे नेमकी लागू पडतात. तोच प्रकार कापसाच्या खेडा खरेदीचा आणि नंदुरबारच्या मिरचीचा. परंतु जळगावच्या विद्यापीठाच्या कक्षेतील विद्यार्थी उन्हाळी प्रकल्पासाठी जागा शोधतो ती मोटारींच्या विक्रीकेंद्रात, नाहीतर खाजगी बँकेच्या शाखेत. १९९० साली हे विद्यापीठ पुण्याहून वेगळे काढले ते या भागाच्या गरजांसाठी, आणि २०१८ साली त्याला बहिणाबाई चौधरी यांचे नाव दिले गेले. सहकारी संस्था, बाजार समिती, ऊसतोड मजुरांची टोळी यांवरचा प्रकल्प ग्राह्य धरावा, त्यासाठी मराठीत अहवाल लिहिण्याची मुभा द्यावी, अशी मागणी विद्यापीठाकडे संघटितपणे करण्यास काहीच हरकत नाही. शिष्यवृत्ती प्रलंबित असेल तर परीक्षेचा अर्ज अडवू नये, आणि प्रत्येक संस्थेने मधल्या विद्यार्थ्याचा पगार व नोकरी न मिळालेल्यांची संख्या प्रवेशाआधी जाहीर करावी, या मागण्याही त्याच निवेदनात जाऊ शकतात.

विद्यापीठाची वाट पाहत बसण्याचीही आवश्यकता नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या ३२व्या कलमाने सभासदाला संस्थेचे वार्षिक हिशेब पाहण्याचा व त्यांच्या प्रती मागण्याचा हक्क आहे. आर्थिक वर्ष मार्चअखेर संपते आणि वार्षिक सर्वसाधारण सभा सप्टेंबरअखेर व्हावी लागते. व्यवस्थापनाच्या विद्यार्थ्याचा प्रकल्प साधारण याच मधल्या काळात पडतो. तालुक्यातील दोन-चार विद्यार्थ्यांनी सुटीत गावी यावे, कार्यकर्त्यांनी सभासदांकडून अर्ज करवून अहवालाच्या प्रती मिळवाव्यात, आणि लोणखेड्यात किंवा आसपासच्या एखाद्या गावी रात्री आठ वाजता देवळाच्या ओट्यावर तो ताळेबंद ओळीओळीने मोठ्याने वाचावा. उसाच्या तोडणीसाठी दिलेली उचल कोणत्या रकान्यात आहे, ती किती मुकादमांच्या नावे आहे आणि त्यांतली किती बुडीत धरली आहे, एवढे तीन प्रश्न पहिल्या रात्रीला पुरेत.